फिरते घर म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. हल्ली लोक मला 'फिरते घर' म्हणतात. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, म्हणून मी ऐकून घेते. माझ्या पोटात सध्या एक पलंग आहे, एक बेसिन आहे, भिंतीला तीन कपाटे टांगली आहेत आणि खिडक्यांना चक्क फुलाफुलांचे पडदे आहेत. व्हॅनला पडदे! म्हातारपणी काय काय बघावे लागते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. पुढे ज्याच्या हातून काही झाले नाही, त्याने जन्माचे कौतुक सांगत बसावे. माझ्या हातून पुष्कळ झाले. सोळा वर्षे मी एका बेकरीची गाडी होते. उजाडायच्या आत माझ्या पोटात पावाचे चाळीस ट्रे भरले जात आणि शाळा सुरू होण्यापूर्वी, दवाखान्यातले रुग्ण जागे होण्यापूर्वी ते जागच्या जागी पोहोचत. सोळा वर्षांत एक पाव चेपला नाही. बेकरीवाला स्वतः मला चालवायचा. तोंडाने फटकळ होता. चिडला की माझ्या टायरला लाथ घालायचा. पण इंजिनाचा आवाज जरासा बदलला की बोलता बोलता गप्प व्हायचा आणि कान द्यायचा. त्याने मला कधी पॉलिश केले नाही आणि माझे तेल कधी काळे पडू दिले नाही. माझ्या मते यालाच जिव्हाळा म्हणतात. पुढे त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला, बेकरी बंद झाली, आणि मी सरांच्या हाती पडले.

सर म्हणजे शाळेत तेहतीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीतले सगळे त्यांना सर म्हणतात म्हणून मीही म्हणते, एरवी माझ्या तोंडून तो शब्द निघाला नसता. त्यांनी मला घेतले त्याला कारण मात्र खरे होते, ते मी नाकारत नाही. सरांच्या पत्नीच्या पाठीचा मणका सरकलेला आहे. अर्धा तास बसल्या की त्यांना कळा येतात. त्यांची थोरली बहीण, त्यांची ताई, नऊ तासांच्या वाटेवर डोंगरातल्या एका गावात एकटी राहते. तिथे रेल्वे जात नाही, आणि बसमध्ये नऊ तास बसणे बाईंना या जन्मी शक्य नव्हते. सहा वर्षांत बहिणींची भेट नव्हती. त्यातच ताईंचे डोळे अधू होत चालले. 'वर्षभर तरी दिसेल, पुढचं मी सांगू शकत नाही,' असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

ताई फोनवर म्हणायच्या, "अगं, फोनमध्ये तू पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसतेस. मला तुझा अख्खा चेहरा बघायचाय. दिसतंय तोवर ये."

बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या मागच्या दारातून आत डोकावून पाहिले. "अहो, ऐसपैस आहे की! एक जाड गादी टाका, मी आडवी होते, आणि रविवारी निघू या."

"गादी?" सर म्हणाले. "तू काय पोतं आहेस? मी तुला घर करून देतो. बघच तू."

झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात, पण हा नवरा उलट्या जातीचा निघाला. याचे मुंडावळ्या बांधणे काही केल्या संपेना. आधी त्यांनी माझे कागदावर चित्र काढले, मग त्या चित्राचे मोठे चित्र काढले. माझ्या छताला पंख्यासाठी भोक पाडले. सोळा वर्षे पावाचा वास जपलेल्या माझ्या पोटात फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा भरला. मिटणारे टेबल केले, ते मिटेना म्हणून पुन्हा केले. नुसत्या कपाटांच्या मुठी निवडायला त्यांना बारा दिवस लागले. येणारेजाणारे थांबून म्हणत, "वा, सर! हात आहे की काय!" आणि सर हरभऱ्याच्या झाडावर चढत. लोकांनी बघावे म्हणूनच तर मला घरासमोरच्या चढावर, रस्त्याकडे तोंड करून उभे केले होते.

बाईंनी पडदे एका दुपारी शिवून दिले आणि विचारले, "आता निघायचं?"

"बेसिन राहिलंय ना."

बेसिन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटेत भांडी घासायची नाहीयेत हो. मला ताईकडे जायचंय."

"अगं, एकदाच होतं हे काम. नीटच होऊ दे."

असे अकरा महिने गेले. या अकरा महिन्यांत माझे बॉनेट कुणी एकदाही उघडले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

मित्रांनो, आता सरांच्या हुशारीचा नमुना ऐका. सरांकडे पाणसळ होती. काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा असतो, तो बुडबुडा मधोमध आला की समजावे वस्तू सपाट बसली. सरांनी पलंग, बेसिन, टेबल, कपाटांच्या फळ्या, सगळे त्या बुडबुड्याला विचारून ठोकले. कुठे केसाचाही फरक नाही. फक्त मी स्वतः चढावर उभी आहे, माझे नाक वर आणि शेपूट खाली आहे, हे त्या विद्वानाच्या अकरा महिन्यांत एकदाही ध्यानात आले नाही. मुलांच्या वह्यांत तिरक्या रेषा शोधून त्यावर लाल शाई ओढणारा माणूस हा! मला पहिल्या दिवसापासून कळत होते. सांगायला मला तोंड नाही, पण असते तरी मी सांगितले नसते. मला मजा वाटत होती. त्या मजेची आज मला लाज वाटते, पण ते पुढे येईल.

तयारी झाल्यावर चाचणी म्हणून सर मला गावाबाहेरच्या मैदानावर घेऊन गेले. सपाट जागा. बाई पलंगावर आडव्या झाल्या आणि हळूहळू पायांकडे घसरू लागल्या. टेबलावरचे संत्रे घरंगळत थेट ड्रायव्हरच्या सीटखाली गेले. बेसिनमध्ये पाणी सोडले तर ते भोकाकडे जाईचना, पुढच्या कोपऱ्यात थबकून राहिले. सरांनी घाईघाईने पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

बाई हसत सुटल्या. पाठ दुखत असतानाही हसल्या. मग म्हणाल्या, "तिरकं तर तिरकं. पायांखाली उशी लावते. उद्या सकाळी निघू."

"हे असं घेऊन? ताईंच्या दारात ही तिरकी गाडी उभी करू? लोक काय म्हणतील?"

"ताईच्या दारात लोक नाहीयेत हो. ताई आहे."

मला वाटले, आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडेल. कसचे काय! पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी सर स्क्रू काढायला बसले. पलंग बाहेर, बेसिन बाहेर, कपाटे अंगणात. एकेका स्क्रूच्या जागी माझ्या अंगाला दुसरे भोक पडले. पुन्हा मापे, पुन्हा भुसा. डॉक्टरांनी सांगितलेले वर्ष त्या भुशात कधी संपले ते सरांना कळलेच नाही. बाईंना कळत होते. त्या रोज सकाळी ताईंना फोन करून आधी एकच गोष्ट विचारायच्या, "आज कसं दिसतंय?" ताई म्हणायच्या, "माणसं ओळखू येतात अजून." मग म्हणू लागल्या, "आवाजावरून ओळखते." नळावरच्या भांडणापेक्षा मोठे दुःख आजवर माझ्या कानावर आले नव्हते. ते दोन शब्द ऐकून मात्र मला पहिल्यांदा मजा वाटायची थांबली.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका सकाळी बाई माझ्या पायरीवर बसून बोलत होत्या. पलीकडून ताईंचा आवाज आला. "आज खिडकी कुठे आहे ते कळेना गं. हाताने चाचपून शोधली."

बाईंनी फोन ठेवला. रडल्या नाहीत. उठून आत आल्या आणि सरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"कपाटाचं एकच दार राहिलंय," सर म्हणाले.

"राहू दे. आता बास."

तासाभरात आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर माझे पाणी उकळले. मुद्दाम नव्हे, सरांसाठी मी एवढे कष्ट घेत नाही. रबरी पाइप कुजला होता. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझे बॉनेट उघडले, मग पडदे बाजूला करून आत पाहिले आणि म्हणाला, "आत राजवाडा केलाय आणि इथं पाइप बघायला वेळ नाही मिळाला, काका?" मेकॅनिक मला आवडला.

दिवस मावळताना आम्ही पोहोचलो. ताई फाटकाला धरून उभ्या होत्या. सर उतरले आणि सवयीने म्हणाले, "ताई, बघा तर खरं, काय...." आणि तिथेच त्यांची जीभ अडखळली. ताई भलतीकडेच पाहत हसल्या. बाई मागच्या दारातून त्यांना हात धरून आत घेऊन आल्या. ताईंनी टेबलाची कड चाचपली, कपाटाची मूठ फिरवली, पलंगाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवले.

"गुळगुळीत केलंय हो. किती दिवस लागले?"

"चौदा महिने," सर म्हणाले.

ताई पलंगावर बसल्या, धाकट्या बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटे फिरवली.

"सांग आता तूच. कशी दिसतेस?"

"केस पांढरे झालेत," बाई म्हणाल्या. "हनुवटीवर तो तीळ आहे...."

"तीळ ठाऊक आहे गं मला. नवीन सांग."

मग बाई सांगत बसल्या. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, पडलेला एक दात, बदललेला चष्मा. सात वर्षांत जे जे नवीन आले होते ते सगळे त्यांनी सांगितले, आणि प्रत्येक ठिकाणी ताईंनी बोट ठेवून पाहिले. सर बाहेर माझ्या पायरीवर बसून ऐकत होते. त्यांच्या वजनाने मी थोडी एका बाजूला कलले होते. ते त्यांनी दुरुस्त केले नाही.

शेवटी ते आत वळून म्हणाले, "ताई, चूक माझी आहे."

"आहेच," ताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात परत या."

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला जातो. ते राहिलेले दार अजून बसलेले नाही. निघण्यापूर्वी सर बॉनेट उघडतात, पाइप दाबून पाहतात आणि गाडी सुरू करतात. तरी माझे त्यांच्याविषयीचे मत बदललेले नाही. शहाणपण आले खरे, पण त्याचे भाडे ताईंच्या डोळ्यांनी भरले, आणि ते भरले जात असताना मी मजा बघत होते, याची मला लाज वाटते.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' अशी विनवणी करायची असते. मला विनवणी जमत नाही. माझे तेल बदला, पाइप तपासा, तेवढे मला पुरे आहे. मी लोखंडाची आहे, मी कितीही दिवस उभी राहीन. तुमची कुणी वाट पाहत असेल, तर त्या माणसाचे तसे नाही. मग इथे माझी रडकथा वाचत काय बसलात? उठा.