जप्तीतली राणी

मला ऑफिसात सगळे 'कुलूप' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण माझे कान शाबूत आहेत. कस्टमच्या जप्त मालाचं गोदाम माझ्या ताब्यात. घड्याळं, ड्रोन, दारूच्या बाटल्या, काय वाटेल ते येतं. माल जसा आला तसा राहिला पाहिजे आणि निकाल लागेपर्यंत मालकानं त्याला बोटही लावायचं नाही. बावीस वर्षांत हे कधी जड गेलं नव्हतं. मग ती डबी माझ्या गळ्यात पडली.

काड्यापेटीएवढी लाकडी डबी, वर जाळी, आत एक राणीमाशी आणि तिला भरवणाऱ्या आठ कामकरी माश्या. परदेशातून मधमाश्या आणायच्या तर परवाना लागतो. ही डबी मागवणाऱ्या काकांकडे तो होता, पण विमान एक दिवस उशिरा उतरलं आणि परवान्याची मुदत आदल्याच दिवशी संपली. झालं, जप्त!

काका म्हणजे सत्तरीचे मधपाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरपाशी हजर. "बाई, तिला पाणी पाजलंत का?"

"मी काय दाई आहे का?" मी फणकारले.

"जाळीवर एक थेंब ठेवा फक्त. मला हात लावू देत नाहीत ना, म्हणून तुम्हाला सांगतोय."

माशी दिसली की मी खोली सोडून पळणारी बाई! तरी कापूस भिजवला आणि लांबूनच हात ताणून थेंब ठेवला. काका काउंटरच्या पलीकडून सांगत होते, "हळू... पिळू नका हं, बुडतील बिचाऱ्या." जाळीतून इवल्या इवल्या जिभा बाहेर आल्या. खरं सांगते, मला फार गंमत वाटली.

मग ते रोज दहाच्या ठोक्याला यायला लागले. बोलता बोलता कळलं, रोगानं त्यांच्या मधमाश्यांच्या सगळ्या पेट्या गेल्या, एकच उरली आणि तिचीही राणी मेली. राणीवाचून पेटी महिना-दीड महिन्यात संपते. ही राणी परदेशातल्या लेकीनं स्वतः वाढवलेली, तिच्या हातची पहिलीच. "लहानपणी याच पेटीपुढे मांडी घालून बसायची," काका म्हणाले. "कितीदा चावल्या, पण जागची हलायची नाही, कार्टी!"

अपील केलेलं होतं. माल निघाला तेव्हा परवाना चालू होता, त्यामुळे केस आपलीच, असं वकील छातीठोकपणे सांगत होता. मीही मनातून काकांच्या बाजूची झाले होते, तीही सरकारी पगार खाऊन. पण सुनावणीच्या दिवशी अपील ऐकणारे साहेब रजेवर गेले आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली.

तोवर डबीत तीनच कामकरी उरल्या होत्या.

काकांनी काउंटरवर वाकून त्या पुन्हा मोजल्या. "या तिघी गेल्या की हिला कोण भरवणार?" मग हळूच विचारलं, "लेकीकडे परत पाठवता येते का हो?"

येते. तसा अर्ज असतो. पण त्यावर सही केली की अपील संपलं, मालावरचा हक्क सुटला. आणि नवा परवाना निघायचा म्हणजे चार महिने.

"अहो काका, तुम्ही जिंकताय!" मी ओरडलेच. "आणि घरच्या पेटीचं काय?"

"पेटी जाणार. चार महिने कुठली थांबतेय ती." त्यांनी पेन मागितलं. "पण केस जिंकून मेलेली राणी घरी नेऊ? लेकीला काय सांगू मी?"

त्यांनी सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, आणि मी डबी त्यांच्यापुढे सरकवली. "संध्याकाळचं विमान आहे. एकदा हातात तरी घ्या."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको, बाई. हातात घेतली तर मला सोडवणार नाही. पाणी तुम्हीच पाजा."