बदकाच्या गोष्टीत देव कुठे?

मी एक जुने गोष्टींचे पुस्तक आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझी पाठ खळीने चिकटवली आहे. मुखपृष्ठावरच्या बदकाला कुणीतरी शाईच्या मिशा काढल्या आहेत. असू देत! मित्रांनो, ज्याच्यावर जीव असतो, त्यालाच मुले मिशा काढतात.

छापखान्यातून मी थेट चर्चच्या रविवारच्या शाळेत आलो. माझ्यातली सगळ्यांची लाडकी गोष्ट लाकडी बदकाची. दुकानदार म्हणतो, "हे तर एका बाजूला कलतंय, कोण घेणार?" म्हातारा सुतार म्हणतो, "विकायला केलंच नाही. माझं आहे ते." शिकवणाऱ्या बाई हे वाचू लागल्या की त्यांच्या मांडीवरचे तान्हे बाळसुद्धा दूध प्यायचे थांबून ऐके.

एका रविवारी चर्चचे कारभारी आजोबा कपाट आवरायला आले. त्यांचा नियम सरळ होता. ज्या पुस्तकात देवाचे नाव नाही, ते रद्दीत. चष्मा लावून त्यांनी माझे पान न् पान चाळले.

"बाई, यात प्रभू कुठेच नाही हो. नुसती बदकं!"

आणि मी रद्दीच्या गठ्ठ्यावर आदळलो. संतापाने माझी पाने थरथरली. नाव नाही म्हणून तो माझ्यात नाही?

तेवढ्यात वर्गात बसलेली त्यांची नात उभी राहिली. ती बोलताना अडखळे. तिचे हसे होऊ नये म्हणून आजोबा तिला कधी सगळ्यांसमोर बायबलमधले वचन म्हणायला देत नसत.

"आ-आजोबा, तो सु-सुतार..."

"सुतार छान आहे!" एका मुलाने घाईने वाक्य पुरे केले.

"गप रे," बाई म्हणाल्या. "तिचं तिला बोलू दे."

"सु-सुतार म्हणजे तोच की. ज्याने म-मला केलं. तो म्हणतो, मा-माझी आहे ती."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिले.

"पुढच्या रविवारी वचन तू म्हणायचंस, बाळा. लागू दे लागायचा तेवढा वेळ."

मित्रांनो, मला उद्या खुशाल रद्दीत घाला, मी भीत नाही. पण अडखळणाऱ्या मुलाचे वाक्य त्याच्या तोंडून हिसकावू नका. ते संपेपर्यंत थांबा. ज्याने त्याला घडवले, त्याला कसलीही घाई नाही.