हेडमास्तरांनी मला उलटं वाचलं

मी चौथा भाग बोलतोय. खरं तर पहिल्या तीन भागांनी आधी बोलायला हवं, पण ते बिचारे तेव्हा पलंगाखालच्या खोक्यात होते आणि मी बाहेर आलो होतो. त्यामुळे जे घडलं ते माझ्याच देखत घडलं.

मी मांगा आहे, म्हणजे चित्रकथेचं पुस्तक. आम्हाला उजवीकडून डावीकडे वाचतात. माझ्यात जादूची एक शाळा आहे, त्या शाळेत एक मुलगा आहे आणि त्या एका मुलाच्या मागे सहा मुली आहेत. हे ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या असतील तर जाऊ द्या, पुष्कळांच्या जातात. त्या मुलाला मंत्र म्हणून साधी मेणबत्ती पेटवता येत नाही, तरी सहाही जणी त्याच्यावर जीव टाकतात. त्यांनी त्याच्यात काय पाहिलं, ते मलाही ठाऊक नाही. शिवाय दर दहा पानांनी तो ओल्या फरशीवर घसरतो आणि नेमका कुणाच्या तरी अंगावर पडतो. आता जगातल्या सगळ्या फरशा काय माझ्याच शाळेत ओल्या असतात? पण मी पडलो पुस्तक. जे छापलं ते मिरवायचं.

माझा जन्म एका अवाढव्य छापखान्यात झाला. शाई वाळायच्या आत घडी, घडी होते न होते तोच पाठीला डिंक, मग धारदार पातं येऊन तिन्ही बाजू छाटून गेलं. दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. एका कॉलेजातल्या मुलीनं मला उचललं, पहिल्या तिघांच्या जोडीला घरी नेलं आणि त्याच दिवशी माझ्यासमोर कोरा कागद घेऊन बसली.

ती मला वाचायची कमी आणि उतरवायची जास्त. तेही सगळं नाही, फक्त डोळे. आमच्यातल्या मुलींचे चेहरे एकाच साच्यातून काढलेले आहेत हे मी मान्य करतो, पण डोळ्यांच्या बाबतीत आमच्या चित्रकारानं कसूर केलेली नाही. एकीच्या डोळ्यांत उभ्या रेषा, एकीच्या डोळ्यांत बारीक ठिपके, तर टोपी घालणाऱ्या मुलीच्या बुबुळाभोवती तुटक तुटक वर्तुळ. ती कॉलेजातली मुलगी जिभेचं टोक दातांत धरून तासन्‌तास ते वर्तुळ काढायची आणि मी ऐटीत उघडा पडून राहायचो. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस.

पुढे तिला एका लॅबमध्ये नोकरी लागली. तिथे कृत्रिम दात बनवतात. मग तिचं लग्न झालं आणि आम्ही चौघे एका खोक्यात बसून सासरी आलो.

घर चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पण सासरे निवृत्त हेडमास्तर! बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आणि त्यात एकापेक्षा एक जाडजूड ग्रंथ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेला विचारलं, "वाचनाची आवड आहे का तुला?"

"आहे थोडीफार."

"काय वाचतेस?"

"काहीही चालतं, बाबा."

झालं. त्या दिवसापासून आमचा मुक्काम पलंगाखाली. त्या घरात तिला सगळंच चालायचं. भाजी कोणती करू? कोणतीही. पंखा लावू? तुम्हाला हवा तर लावा. सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, सून अगदी गरीब आहे हो. मला मात्र ते ऐकून पलंगाखाली गुदमरायला व्हायचं. डोळे काढताना मनासारखी रेघ येईपर्यंत कागदावर कागद फाडणारी मुलगी मी पाहिली होती.

एके दिवशी जेवताना तिनं एक बातमी सांगितली, तीही अशी की जणू नळाला पाणी उशिरा आलं. दुसऱ्या शहरात कृत्रिम डोळे बनवणारी एक कार्यशाळा आहे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो, त्यांच्यासाठी तिथे हातानं रंगवून डोळा करतात. लॅबच्या मालकीणबाईंनी तिचं नाव सुचवलंय. सहा महिने तिथेच राहून शिकायचं. शनिवारपर्यंत उत्तर हवंय.

"तुला जायचंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला. माणूस सोन्यासारखा, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्याला नेमकी ताटातली कोशिंबीर दिसते.

हेडमास्तर म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा." आणि सगळ्यांनी मिळून काहीच ठरवलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मग नको म्हणूनच कळवते." मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. माझ्या पानांत बरोबर हेच चालतं, मनातलं कुणी बोलतच नाही, म्हणून मला जरा जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना तिनं खोकं ओढलं, मला काढलं आणि उभ्या उभ्या टोपीवालीचं पान उघडलं. बघत बघतच बाहेरच्या खोलीत आली. तेवढ्यात फोन वाजला, उशीर झाला म्हणून ती धावत सुटली आणि मी राहिलो हेडमास्तरांच्या खुर्चीवर.

दुपारी हेडमास्तर येऊन बसले ते माझ्यावरच. मग दचकून उठले, चष्मा लावला आणि त्यांनी मला उघडलं. डावीकडून! आमच्या त्या टोकाला नवख्या वाचकांसाठी एक सूचना छापलेली असते: 'थांबा! तुम्ही चुकीच्या बाजूने आत येत आहात.' ती वाचून हेडमास्तरांनी समाधानानं मान हलवली आणि पान उलटलं. मी मनात म्हटलं, आता आपली काही धडगत नाही.

संध्याकाळी ती परतली. सासऱ्यांच्या हातात मला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, ते... ते माझं आहे. जुनं. मी टाकणारच होते."

"बस," हेडमास्तर म्हणाले. ती बसली. त्या आवाजापुढे कुणीही बसलं असतं. "ही शाळा चालवतं कोण? अख्ख्या पुस्तकात एक शिक्षक दिसला, तोही झोपलेला. परीक्षेचे नियम मध्येच बदलतात. त्या मुलींच्या गणवेशाला कापड कमी पडलंय. आणि हा मुलगा सारखा पडतो, त्याला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही?"

तिनं मान खाली घातली.

"प्रवेशद्वारावरची सूचना मात्र मला आवडली. चुकीच्या बाजूनं येणाऱ्याला दारातच थांबवायचं. शिस्त अशी हवी."

तिनं वर पाहिलं. आधी ओठ घट्ट मिटले, मग खांदे हलले आणि मग ती जी हसत सुटली ती ओढणी, रुमाल, जे हाताला लागेल ते तोंडात कोंबूनही थांबेना. स्वयंपाकघरातून सासूबाई बघायला आल्या. या घरात तिचं असं हसू कुणी ऐकलंच नव्हतं.

"बाबा, ती सूचना तुमच्यासाठी होती! पुस्तक त्या बाजूनं सुरू होतं."

दुसरा कुणी ओशाळला असता. हेडमास्तर म्हणाले, "तरीच! मला वाटलं, हा पोरगा सहा मुलींना एकेक करून वाटेला लावतो आणि शेवटी एकटा अभ्यासाला बसतो. म्हटलं, हळूहळू का होईना, सुधारला."

मग तिनं शेजारी खुर्ची ओढली आणि मला सरळ बाजूनं उघडलं. सासूबाईही चहा घेऊन येऊन टेकल्या. माझी अशी परीक्षा आजवर कुणी घेतली नव्हती. केस झाकले तर या मुली त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत, असं हेडमास्तर म्हणाले, तेव्हा तिनं खरंच प्रत्येकीच्या केसांवर बोट ठेवलं. "आता डोळे बघा, बाबा." हेडमास्तरांनी भिंग आणलं. सहाही जणींचे डोळे एकेक करून तपासले. नंतर म्हणाले, "हं. डोळ्यांवर मेहनत आहे."

एका पानावर सहाही जणी एकाच बाकावर दाटीवाटीनं डबा खातात. सकाळी त्याच मुलावरून एकमेकींच्या झिंज्या ओढलेल्या असतात, पण उशिरा येणारीसाठी सगळ्या सरकून जागा करतात. ते पान सासूबाईंनी दोनदा मागे घेऊन पाहिलं. "त्या मुलापेक्षा यांचंच एकमेकींशी बरं जमतंय की!" त्या म्हणाल्या. माझ्याविषयी इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

शेवटच्या पानावर हेडमास्तर थांबले. तिथे मुलाभोवती गलका आहे आणि मागे खांबाशी टोपीवाली एकटी उभी आहे. "मी शेवटाकडून निघालो, म्हणून मला आधी हीच भेटली," ते म्हणाले. "मग प्रत्येक पानावर मी हिलाच शोधत गेलो. सगळ्यांना मदत करते. पण हिला स्वतःला काय हवंय, ते एकाही पानावर लिहिलेलं नाही."

"ती सांगत नाही, बाबा. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून."

"मग पुढच्या भागात सांगते का?"

"नाही. मी तो मोबाइलवर वाचलाय, तिथेही मागेच उभी असते. वाचकांना ती फार आवडते. किती गोड आहे, म्हणतात."

"गोड काय त्यात? चांगली मुलगी वाया चाललीय."

ती माझ्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मग हेडमास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "काल तू त्या डोळ्यांच्या कामाचं सांगत होतीस."

"ते मी उद्या नको म्हणून कळवणार आहे."

"काय कळवणार ते नाही विचारलं. तुला काय हवंय ते विचारतोय. आणि 'तुम्ही म्हणाल तसं' हे उत्तर चालणार नाही. त्याला शून्य गुण."

तिनं मला दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं की मुखपृष्ठावर अंगठ्यांचे दोन खळगे पडले. "मला जायचंय, बाबा," ती म्हणाली. "मला डोळे करायचेत. परवा लॅबमध्ये एक माणूस आला होता. त्याच्या कृत्रिम डोळ्याचा रंग खऱ्या डोळ्याशी जुळत नाही. म्हणाला, माझी लहान मुलगी बोलताना एकाच डोळ्याकडे बघते. बाबा, मला तो रंग जुळवता येईल. मला माहितीये, येईल. मी किती वर्षं फक्त डोळेच काढतेय."

"अगं, मग काल का नाही बोललीस?" सासूबाई जवळजवळ रडकुंडीला आल्या. "मला वाटलं, तुला जायचं नाहीये आणि आम्ही आग्रह केला तर तुला घालवून दिल्यासारखं वाटेल. म्हणून मी गप्प बसले!"

थोड्या वेळानं नवरा आला. सगळं ऐकून म्हणाला, "मी तर कालच म्हटलं होतं, तू म्हणशील तसं."

"तू बोलू नकोस," हेडमास्तर म्हणाले. "तू या पुस्तकातला मुलगा आहेस." त्यानं बिचाऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. पण तिकीट काढायला तोच धावला आणि स्टेशनवर बॅगाही त्यानंच उचलल्या.

ती गेल्यापासून मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर असतो. माझ्या पाठीचा डिंक सुटत चाललाय आणि एका पानावर चहा सांडलाय. फिरायला जाणारे मित्र घरी आले की हेडमास्तर त्यांना माझ्यातले दोष मोठ्या उत्साहानं दाखवतात आणि जाताना एखादा भाग वाचायला देतात. पुढचे भागही त्यांनी मागवलेत, आणि आठवा भाग आला तरी माझा नायक कुणाचीच निवड करत नाही, यावर घरात कडाक्याचं एकमत आहे. मला राग येत नाही. माझ्या ओल्या फरशांना तुम्हीही खुशाल हसा, तोकड्या गणवेशाला नावं ठेवा. फक्त एखादी गप्प मुलगी तुम्हाला गोड वाटली, तर तिला काय हवंय ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढं ऐकलंत, तर मला छापल्याचं सार्थक झालं.

काल तिचा फोन आला. तिनं रंगवलेला पहिला डोळा एका आजींना बसवला आणि आजींनी आरसा बराच वेळ खाली ठेवला नाही. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, इथे फार थंडी आहे. मला माझी जाड शाल पाठवा, ती निळी नको, मला ती आवडत नाही. आणि सुट्टीत मी येईन तेव्हा दोन दिवस मला कुणी उठवायचं नाही."

हेडमास्तरांनी फोन ठेवला आणि मुलगी वर्गात पहिली आल्यासारखे ओरडत आत गेले, "अगं ऐकलंस का? तिला निळी शाल आवडत नाही!"