स्वयंपाकघरात आलेली कॅडिलॅक

दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकच हौस केली आणि ती त्यांच्या गॅरेजात मावली नाही.

हौस म्हणजे जुनी कॅडिलॅक. फिकट निळा रंग, मागे माशाच्या परांसारखे उंच पंख, पुढे जोडीजोडीने चार गोल दिवे आणि पुढची सीट एवढी ऐसपैस की तिघांनी मांडी घालून बसावं. शाळेत असताना एका मासिकात पाहिल्यापासून ती डॉक्टरांच्या डोक्यात बसली होती. साठीच्या तोंडावर ती दारात आली, तेव्हा बोटांचा ठसा उमटू नये म्हणून ते हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फिरत राहिले. मग अलगद आत घातली. नाक भिंतीला टेकलं आणि शेपटी हातभर बाहेर राहिली.

"आधी मोजायची नाही का?" बायकोनं विचारलं.

"प्रेमात कुणी मोजमापं घेतं का?"

"माझ्या वेळी तुम्ही उंचीसुद्धा विचारून घेतली होती."

गॅरेजाच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. डॉक्टरांनी विषय काढला नाही, ते नुसते न सांगता भांडी घासायला लागले. शेवटी बायकोच म्हणाली, "काय पाडायचंय ते बोला एकदाचं."

गवंड्यानं भिंतीला बरोबर गाडीच्या तोंडाएवढं भगदाड पाडलं, कडेनं रबर लावलं, आणि कॅडिलॅकनं ओट्याशेजारी नाक खुपसलं. फेरी मारून आली की तिचं बॉनेट बराच वेळ कोमट राही. बायको त्यावर पावाचं पीठ फुगायला ठेवी, चकचकीत बंपरवर फडकी वाळत घाली. डॉक्टरांचा जीव खालीवर होई, पण बोलायची सोय नव्हती. गाडी बाहेर गेली की भगदाडातून गार वारा येई आणि वाऱ्यामागून शेजारचं मांजर. "आज नेऊ नका, दूध तापवून ठेवलंय," असं रोज होऊ लागलं. ज्या गाडीतून मुलूख पालथा घालायचा, ती भिंतीच्या जागी उभी राहिली.

डॉक्टर मग सकाळी दवाखान्यात जाण्याआधी नुसतेच तिच्यात जाऊन बसत. असेच बसले असताना गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची धाकटी बहीण चहाला आली. तिनं कप तोंडाला लावला आणि इकडे डॉक्टरांचं कोपर हॉर्नवर पडलं. कप फुटला, चहा साडीवर.

"हे घर आहे की चौक?" बहीण म्हणाली. "दादा, या घरात एक तर ही गाडी राहील, नाहीतर मी येईन."

डॉक्टर विचारात पडले. ते विचारात पडले, हेच तिला लागलं. ती तडक निघून गेली.

बहिणीपेक्षा गाडी मोठी नाही, असं मनाला बजावून डॉक्टरांनी ती विकायला जुन्या गाड्यांच्या एका संग्राहकाला बोलावलं. तो पांढरे हातमोजे घालून आला, बॉनेट हुंगलं आणि नाक मुरडलं.

"पिठाचा वास येतोय. माझ्याकडे ही काचेच्या दालनात राहील. कुणी हात लावणार नाही, कुणी चालवणार नाही."

"मग ती तिथे करणार काय?" बायकोनं विचारलं.

"लोक बघतील."

"बघतो तर आम्हीही. शिवाय पीठ फुगतं." तिनं त्याला दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन नवऱ्यापुढे हात केला. "किल्ली द्या."

"तुला ती आवडते?"

"तसं मी काही म्हटलेलं नाही. किल्ली द्या."

पाठीला उशी लावून तिनं गाडी मागे काढली, भगदाडासमोर शेजारणीला बसवलं आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन निघाली. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. समोरून येणाऱ्या बसवाल्यानं आपणहून बाजू दिली. वळणावर डॉक्टर सीटला घट्ट धरून म्हणाले, "जरा हळू."

"तुम्ही पेशंटला काय सांगता? हलू नका, आता होईलच. तसे बसा."

डॉक्टर बसले. समोर लांबच लांब निळं बॉनेट पाहत हळूहळू त्यांची पकड सुटली. चालवताना त्यांना कधी ते नीट दिसलंच नव्हतं.

गाडी नणंदेच्या दारात थांबली. बायकोनं हॉर्न दिला. बहीण पायरीवर आली, गाडीकडे बघितलं, भावाकडे बघितलं नाही. मग पदर सावरून मागचं दार उघडून बसली.

"वन्सं, निघू या?"

"थांब जरा, वहिनी," ती खिडकीची काच खाली करत म्हणाली. "समोरच्या बाई अजून बाहेर आलेल्या नाहीत."