आसरांचे कोरडे पाय

नाशिकला पूर आला की सगळं गाव गंगेकडे धावतं. गोदावरी हे नाव आमच्या तोंडात कधी बसलंच नाही, ती गंगाच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, हे नाशिककर एकमेकांना भाजीच्या भावासारखं सांगत असतात. आमच्या नाल्याकडे मात्र कधी कोणी पाहिलं नाही. त्याला नावसुद्धा नव्हतं. आठ महिने त्यात शेळ्या चरायच्या, अशा नाल्याला कोण भिणार?

मी पहिल्यापासून फाटक्या तोंडाची, आणि वर हौशी. या दोन गोष्टी एका बाईत असू नयेत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि आमचे हे सातपूरला एका कारखान्यात कारकून. शहात्तर साली आम्ही इंदिरानगरच्याही पलीकडे प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा माझ्या जावेने विचारलं होतं, ‘तिथून नाशिक किती दिवसांवर आहे?’ दोन वर्षांत तिनेच आमच्या शेजारचा प्लॉट मिळतो का म्हणून विचारणा केली. मुंबई-आग्रा रोड सोडून आत वळलं की आधी द्राक्षाच्या बागा होत्या. बघता बघता बागा गेल्या आणि चुन्याच्या रेघा आल्या. आमची कॉलनी ज्यांच्या शेतावर उभी राहिली ते काळूबाबा आणि आक्काबाई नाल्याकाठच्या आपल्या जुन्या घरातच राहिले. आमच्याकडे दूध त्यांचंच यायचं.

कॉलनीत यायला नाल्यावरून एकच वाट होती. तिला सगळे फरशी म्हणत. पूल नव्हे, नाल्याच्या तळापासून हातभर उंच केलेला सिमेंटचा रस्ता. पाणी आलं की ते फरशीवरून वाहायचं आणि ओसरलं की आपण जायचं. फरशीच्या आमच्या बाजूला, काठाशी अगदी खाली, शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात देवी. आक्काबाई दर अमावास्येला त्यांना दहीभात ठेवायची.

या फरशीवरून शहर बस सुरू झाली ती सत्त्याहत्तर साली, आणि पहिल्या दिवशी ती कोणी आणली? माझ्या भावाने. धोंडीरामने.

धोंडीराम माझा भाऊ म्हणायचा, एवढंच. तो चार वर्षांचा होता तेव्हा आई गेली, आणि मी पंधराची. त्याला न्हाऊमाखू घातलं मी, बाराखडी शिकवली मी, आणि लग्न होऊन सासरी आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर त्यालाही घेऊन आले. आमच्या ह्यांनी कधी ब्र काढला नाही, हे त्यांचे उपकार. शाळेत त्याचं डोकं चाललं नाही, पण गाडीवर हात असा बसला की विचारू नका. ड्रायव्हर झाला, खाकी घातली. दुपारच्या फेरीला फरशीच्या पलीकडे आला की दोनदा हॉर्न द्यायचा. त्याचा अर्थ, ताई, तवा ठेव. शेवटच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं उभी असायची, तेवढ्यात तो घरी येऊन उभ्याउभ्या चार पोळ्या खाऊन जायचा. सगळ्या कॉलनीला त्या दोन हॉर्नचा अर्थ माहीत होता.

पावसाळ्यात कधीकधी तो गाडी पलीकडेच थांबवून ठेवायचा. लोक कुरकुरायचे. मी एकदा जेवताना त्याला विचारलं, ‘का रे, घाबरतोस?’

‘आसरांचे पाय भिजले की मी गाडी घालत नाय, ताई,’ तो म्हणाला. ‘पाय कोरडे तर रस्ता मोकळा.’

मला त्याचं कौतुक वाटलं. म्हटलं, पोरगं देवाधर्माचं आहे. देवींना पाण्याचा त्रास होत असताना आपण त्यांच्यासमोरून चाक फिरवायचं नाही, असा काही भाव असेल. मी शिकलेली बाई, शाळेत मुलांना पर्जन्यमापक समजावून सांगणारी. आणि मी त्या वाक्याचा असा अर्थ लावला.

एकोणऐंशीला त्याला मालेगावच्या गाडीवर टाकलं. दोन वर्षं तो हायवेवर धूळ खात होता. हॉटेलात जेवायचा, कुठेही झोपायचा. कावीळ होऊन आला तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. मी रडले. मग एका संध्याकाळी नाल्यावर गेले आणि आसरांपुढे पदर पसरला. म्हटलं, बायांनो, माझा भाऊ पुन्हा शहरच्या गाडीवर येऊ द्या. मी तुम्हाला ओटा बांधीन. तुमचे पाय पुन्हा कधी भिजू देणार नाही.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात त्याच्या बदलीची ऑर्डर निघाली. ऑगस्टपासून नाशिक.

नवस फेडायला मी उशीर लावणारी नव्हे. पाऊस पडायच्या आत ओटा व्हायला हवा होता. गवंडी लावला, कमरेएवढा उंच ओटा बांधला, वर पांढऱ्या टाइल्स. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते माझ्यासारख्यांमुळेच. दगड होते त्याच जागी, फक्त खालून उचलून वर. उचलताना आक्काबाई हात जोडून बाजूला उभी होती.

‘बाई, कशाला उचलता त्यान्ला? त्या पान्याच्या बाया हायेत. पाय भिजले म्हंजी...’

‘अहो आक्काबाई, तुम्ही इतकी वर्षं त्यांना चिखलात ठेवलंत,’ मी म्हणाले. ‘आता जरा कोरड्यात राहू द्या.’

माझ्या तोंडापुढे तिचं काय चालणार? काळूबाबा असते तर बोलले असते, पण ते आदल्या साली वारले होते.

धोंडीरामला मी पत्रात सगळं लिहिलं. आक्काबाईची गाय व्याली, शेजारच्या रंगनाथांनी दुसरा मजला चढवला, तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली. ओट्याचं लिहिलं नाही. ‘येशील तेव्हा एक गंमत दाखवीन, आत्ता सांगत नाही,’ एवढंच लिहिलं. जून-जुलैत त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तो ओटा त्याने पाहिलाच नाही.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगताना माझीच मान खाली जाते. त्या दोन वर्षांत कॉलनीत प्रत्येकाने आपलं कुंपण दोन-दोन हात नाल्यात सरकवलं होतं. फुकटची जागा, कोण सोडणार? कोणी भराव टाकला, कोणी भिंत घातली. आम्हीही घातली. माझा मोगऱ्याचा वाफा नाल्याच्या जागेत होता. आधी जिथे पाणी पसरायचं तिथे आता दोन भिंतींमधली बोळ राहिली होती. आणि वरच्या अंगाला आणखी तीन कॉलन्या झाल्या होत्या, त्यांच्या गच्च्यांचं, रस्त्यांचं पाणीही इकडेच येत होतं.

धोंडीरामची पहिली ड्यूटी आमच्याच गाडीवर लागली. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. सकाळपासून असा पाऊस की समोरचं घर दिसेना. शाळा अर्ध्यावर सुटली. कोणीतरी म्हणालं, गंगेला पाणी आहे, पण मारुतीच्या गुडघ्यालाही लागलेलं नाही, काळजी नको. मी निश्चिंत होऊन पुरणाला डाळ घातली. संध्याकाळची सहाची गाडी घेऊन तो येणार होता, आणि ड्यूटी संपवून रात्री मुक्कामाला.

सव्वासहाला मी छत्री घेऊन फरशीपाशी गेले. त्याला ओटा मीच दाखवायचा होता ना. पाहते तर नाला ओळखू येईना. लाल पाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेलं. फरशी कुठे आहे ते कळत नव्हतं. माझा ओटाही दिसत नव्हता. तो सगळा पाण्याखाली गेला होता आणि पाण्याच्या बरोबर वर सात शेंदरी दगड बसलेले होते, कोरडे. मला तेव्हाही वाटलं, बघा, नवस फळाला आला, देवींच्या पायाला पाणी लागलं नाही. खोटं कशाला बोलू, मी हात जोडले.

मग पलीकडच्या उतारावर गाडीचे दिवे दिसले.

गाडी पाण्यापाशी येऊन थांबली. अंधारून आलं होतं, पण दिव्यांचा उजेड सरळ दगडांवर पडला. कोणी रंगवून ठेवावेत तसे ते लखलखले. मला काचेतून त्याचा चेहरा दिसला नाही. पण तो बघत होता. बराच वेळ बघत होता. आणि त्याच क्षणी, देवाशपथ सांगते, त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. तो हात जोडत नव्हता. तो पाणी मोजत होता.

मी छत्री फेकली. दोन्ही हात वर करून ओरडले, ‘धोंड्या, येऊ नको! मागे जा!’ पावसाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मी हात हलवत राहिले.

त्याने दोनदा हॉर्न दिला.

तवा ठेव, ताई.

गाडी पाण्यात उतरली. सात-आठ हात नीट आली. मग मागचा भाग हळूच बाजूला सरकला, कोणीतरी ढकलल्यासारखा. दिवे वळले, आमच्या भिंतीवर आले, माझ्या मोगऱ्यावर आले, आणि विझले.

सकाळी पाणी ओसरलं तेव्हा तो दोन फर्लांग खाली एका बाभळीला अडकलेला सापडला. पायात एकच बूट होता. त्याला ओळखायला मी गेले, ह्यांना जाऊ दिलं नाही. लहानपणी न्हाऊ घालताना कान धुवायला तो नेहमी रडायचा. त्याच्या कानात चिखल होता. मी तो पदराने काढला.

गाडीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने सगळ्या उतारूंना हायवेच्या वळणावर दुकानांच्या आडोशाला उतरवलं होतं. आधी रिकामी गाडी पलीकडे घालून बघतो, मग तुम्हाला न्यायला येतो, असं सांगून. पन्नास माणसं वाचली. लोक म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. माझ्या अंगणात बसून म्हणाले.

कंडक्टर झुंबर नावाचा सिन्नरकडचा माणूस होता, या रस्त्यावर नवा. पाण्यापाशी धोंडीरामने त्यालाही खाली उतरवलं होतं. दहाव्याच्या दिवशी तो भेटायला आला. चहाला हात लावला नाही.

‘ताई, मी लय सांगितलं त्यान्ला, थांबू म्हणून,’ तो म्हणाला. ‘तर हसले. म्हणाले, झुंबर, तू नवा हायेस. ते सात दगड बघ. मला काळूबाबाने पहिल्याच पावसाळ्यात शिकवलंय. त्यांचे पाय कोरडे हायेत म्हणजे फरशीवर वीतभर बी पानी नसतं. ह्यो सगळा नुसता फुगवटा दिसतोय.’

उठता उठता तो म्हणाला, ‘आनि म्हणाले, ती बघ, ताई बोलावतीये.’

मी तशीच उठले आणि परसातली पहार घेतली. कोणी अडवलं नाही. ओटा मीच फोडला, दोन दिवस लागले. गवंड्याने काम चांगलं केलं होतं. आक्काबाई आली, तिने माझ्या हातातली पहार घेतली नाही, पण फुटलेल्या टाइल्स एकेक उचलून बाजूला टाकत राहिली.

‘तुम्हाला माहीत होतं?’ मी विचारलं.

‘व्हतं, बाई,’ ती म्हणाली. ‘पन तुम्ही नवस बोललेल्या. देवाच्या कामात आडकाठी कशी घालू? आन् धोंडीबाला तुम्ही सांगितलंच असंल, असं वाटलं.’

तिच्यावर ओरडायला माझ्यापाशी तोंड राहिलं नव्हतं. आम्ही दोघींनी सात दगड उचलून पुन्हा खाली, पूर्वी होते तिथे ठेवले. आमची भिंतही मी पाडायला लावली. बाकीच्यांच्या आहेत तशाच आहेत.

पंच्याऐंशीला नाल्यावर पूल झाला, चांगला उंच. आता दर वीस मिनिटांनी गाडी आहे, आणि कॉलनीच्या पुढे आणखी चार कॉलन्या आहेत. पुलाखाली कोणी बघत नाही. मी बघते. मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन काठावर जाते आणि पाणी कुठवर आलं ते पाहते. आसरांच्या पायाला पाणी लागलं की माझा जीव राहत नाही. मी वर रस्त्यावर येऊन उभी राहते, आणि नाशिककडून गाडी येताना दिसली की माझे दोन्ही हात आपोआप वर जातात.

ड्रायव्हरला वाटतं, म्हातारीला बसायचं आहे. तो गाडी थांबवतो. प्रत्येक वेळी थांबवतो.

‘काही नाही रे बाळा,’ मी म्हणते, ‘जा तू.’