आईचे पालक

आई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली आणि त्याच वर्षी तिने तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. इथवर लेकीची तक्रार नव्हती. पण आईने वसतिगृहही मागितलं आणि खोली मिळाली ती नेमकी लेकीच्या समोरची. लेक तिथे शेवाळावर पीएचडी करत होती. इतकी वर्षं, की मुली तिलाच शेवाळ म्हणत.

आपलं नातं कुणाला सांगायचं नाही, असं लेकीने बजावलं. आईने ते इमानेइतबारे पाळलं. जेवणाच्या रांगेत ती लेकीला "ताई, जरा सरकता का?" म्हणायची.

सीनियर मुलींनी नव्यांना गाणी म्हणायला लावली, तेव्हा आईने एका गाण्याची झाडून सगळी कडवी ऐकवली. शेवटी सीनियरांनीच हात जोडले. बघता बघता तिची खोली मजल्याचा अड्डा झाली. चोरून आणलेल्या विजेच्या शेगडीवर चहा, गादीवर पत्ते. सकाळचा तास ती हटकून बुडवायची.

एके दुपारी शेगडीने अख्ख्या मजल्याची वीज घालवली. वॉर्डनबाई वयाने आईपेक्षा बऱ्याच लहान, पण नियमाला पक्क्या. पहिल्या वर्षाची मुलगी म्हटल्यावर पालकांना बोलवायचंच. आईने निमूटपणे लेकीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

लेक ऑफिसात खाली मान घालून बसली. दाराबाहेर मुली कान लावून उभ्या. शेगडी, पत्ते, बुडवलेले तास, सगळं ऐकवून झाल्यावर वॉर्डनबाईंनी विचारलं, "घरी कुणी वळण लावलं नाही का यांना?"

माफी मागायची असं लेक ठरवून आली होती. पण तिचं डोकंच फिरलं.

"आई आहे ती माझी," ती म्हणाली. "मला शिकवायचं म्हणून जन्मभर पहाटेच्या पाळ्या केल्यात तिने. एक दिवस दांडी मारली नाही. आत्ता कुठे तास बुडवायला शिकलीय, तर बुडवू द्या. शेगडी मी काढून नेते."

वॉर्डनबाईंनी चष्मा काढून पुसला आणि समज देऊन सोडलं.

बाहेर बाकावर आई बसली होती. "काय म्हणाल्या?"

"तुला वळण नाही म्हणाल्या."

"मग, तू काय म्हणालीस?"

"नाहीच म्हटलं."

आई खूश झाली. संध्याकाळी प्रबंधाची प्रकरणं पलंगाखाली सारून पत्त्यांचा डाव शेवाळच्या खोलीत बसला. आई पोटच्या पोरीशीही लबाडी करते, हे लेकीला तेव्हा कळलं.