पाटीवरचं नाव

"ही शिवण सरळ आहे का तिरकी, ते आधी सांगा!" शिंपीणबाईंनी कापडाचा तुकडा काउंटरवर आपटला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यावर ठेवला.

मालकांनी तुकडा उजेडात धरून पाहिला. "सरळच आहे की."

"मग मला ती उतरणीला लागल्यासारखी का दिसते? आठ दिवस झाले. घरात सगळे म्हणतात, नवा चष्मा आहे, होईल सवय. पायरी उतरताना मी भिंत धरते आणि म्हणे होईल सवय! अहो, मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलं."

पडद्यामागच्या खोलीत काचा घासायच्या चाकापाशी बसलेल्या मिलीने हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि चाक बंद केलं.

मिली हे काही तिचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षांपूर्वी, नवीन असताना, खुद्द मालकांनी घासलेली काच तिने "अर्धा मिलिमीटर मोठी आहे" म्हणून परत केली होती. मालकांनी डोळे वटारून काच मोजली. ती अर्धा मिलिमीटर मोठी होती. तेव्हापासून तिला आधी चेष्टेने आणि मग आदराने सगळे मिली म्हणू लागले.

स्वभावच तसा. वडिलांनी मास्तरीण होण्यासाठी कॉलेजचा अर्ज आणून हातात दिला, तेव्हा तिने तो कोराच परत केला होता. "मला काचा घासायच्या आहेत," एवढंच म्हणाली. घरात महिनाभर अबोला. पुढे दोन स्थळं आली, दोन्हींनी काम सोडायची अट घातली आणि दोन्हींना तिने चहा पाजून वाटेला लावलं. आपलं आयुष्य आपल्या मापाने कापून घेणारी बाई होती ती, आणि त्याचा तिला माज म्हणावा इतका अभिमान होता.

मग सव्वादोन वर्षांपूर्वी तिची झोप उडाली. मग अन्नावरची वासना गेली, मग बोलणं बंद झालं. एका सकाळी ती अंथरुणात नुसती छताकडे बघत पडली आणि दादाने हाक मारली तरी मान वळवेना. दवाखान्यात सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत तिच्या आयुष्यातलं सगळं काही दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं: कपाटाची किल्ली, गोळ्यांची डबी, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं. ती बरी झाली; पण हे सगळं तिला परत द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कामावर मात्र ती परत आली होती. निदान तिची तशी समजूत होती.

पडदा सरला. मालक चष्मा पाकिटासकट घेऊन आत आले. तिच्यासमोरून गेले आणि पलीकडच्या टेबलावरच्या आप्पांच्या हातात तो देत हळूच म्हणाले, "जरा बघून घ्या." आप्पा म्हणजे दुकानातले सगळ्यांत जुने कारागीर. त्यांनी चष्मा ड्रॉवरमध्ये सरकवला.

"आप्पा, पाकिटावर खूण कुणाची आहे?" मिलीने विचारलं.

"असू दे गं. जुनं काम आहे."

"आठ दिवसांचं काम जुनं कसं? दाखवा."

आप्पांनी चष्मा पाकिटासकट बाहेर काढला आणि ड्रॉवर झटकन लोटला. प्रत्येक चष्म्याच्या पाकिटावर घासणाऱ्याची खूण असते. या पाकिटावर तिची होती. तिने चष्मा नंबर तपासायच्या यंत्रावर ठेवला. बाईंचा नंबर तिरका. काच वीस अंशांच्या कलात बसवायची होती. बसली होती एकशेसाठात. हे कसं झालं ते तिला बघताक्षणी कळलं. काच मागच्या अंगाने धरून कलाची खूण केली, की डावीकडचा कल उजवीकडे जातो. आणि तपासतानाही चष्मा तसाच उलटा ठेवला, त्यामुळे यंत्रानेही मुकाट होकार भरला. एका चुकीने दुसरी झाकली. शिकाऊ माणसं पहिल्या आठवड्यात करतात ती चूक.

पण तिचं लक्ष आता भलतीकडेच गेलं होतं. आप्पांनी ड्रॉवर इतक्या घाईने का लोटला?

"उघडा तो."

आप्पांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं. ड्रॉवरमध्ये एका मऊ फडक्यात गुंडाळलेल्या पाच फुकट गेलेल्या काचा होत्या.

"या सगळ्या माझ्या?"

"दोन वर्षांत पाचच आहेत," आप्पा कसनुसे हसले. "माझ्या याहून जास्त गेल्या असतील."

"तुमचं नाव पाटीवर लागलं होतं, आप्पा."

चाकामागच्या भिंतीवर एक काळी पाटी होती. ज्याची काच फुकट जाईल, त्याने आपल्या हाताने तिच्यावर आपलं नाव लिहायचं आणि ते शनिवारपर्यंत राहू द्यायचं, असा दुकानाचा कायदा होता. येता-जाता मालक त्यावर तोंडसुख घेत. "डोळे घरी विसरून आलात का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं स्वतःचं नावही तीनदा लागलं होतं आणि तेव्हा ते आरशासमोर उभे राहून स्वतःलाच झापत. परत आल्यापासून दोन वर्षांत मिलीचं नाव एकदाही लागलं नव्हतं. हात पूर्वीसारखा बसला, म्हणून ती मनातल्या मनात फुशारत होती. आता तिचे कान गरम झाले.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "गोळ्यांनी जरा सुस्ती येते. चालायचंच."

"काच गोळ्यांनी नाही घासली. मी घासली," मिली म्हणाली. "पहिल्या आठवड्यात हीच चूक केली होती, तेव्हा तुम्ही मला काय बोलला होतात, आठवतंय? शेजारच्या दुकानात ऐकू गेलं होतं."

मालक उगाच यंत्रावरचा चष्मा सारखा करू लागले. मग म्हणाले, "तुझ्या दादाने बजावून ठेवलंय. तिला काही बोलू नका, परत आजारी पडेल."

तिला रडू येईल असं दोघांनाही वाटलं असावं, कारण आप्पांनी पाण्याचा पेला पुढे केला. पण तिला रडू नाही, सणसणीत राग आला, आणि इतक्या दिवसांनी आलेला तो राग तिला बरा वाटला.

ती पडदा सारून बाहेर गेली. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. चूक माझी आहे. काच मी उलटी बसवली."

"तुम्ही?" शिंपीणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग नीट करून द्या. सहाला येते. आणि या खेपेला सरळ दिसलं पाहिजे, सांगून ठेवते!"

बाईंना आजारपण, गोळ्या काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं खडसावलं. मिलीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आत मालक नवी काच आप्पांना देत होते. तिने मध्येच हात पुढे केला.

"ही मीच घासणार. नाहीतर उद्यापासून मी येत नाही. काचा पुसून पाकिटात भरायला दुसरं कुणीतरी ठेवा."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि काच तिच्या हातावर ठेवली.

पाच वाजता रोजच्यासारखा दादा दारात उभा राहिला. "चल. गाडी चालूच ठेवलीय."

"मला वेळ लागेल. तू जा. मी येईन चालत."

"आणि गोळी?"

"डबी दे."

दादाचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. दोन वर्षं डबी वागवून खिशाला तिचा आकार आला होता. "अगं, विसरलीस तर?"

"विसरले तर डॉक्टरांना मी सांगेन. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं, गोळ्या तुमच्या तुम्ही घ्याल का. उत्तर तू दिलंस."

"तू त्या सकाळी कशी पडली होतीस, ते तुला नाही माहीत," दादा म्हणाला. "मी पाहिलंय."

हे खरंच होतं. ती चाकावरून उठली आणि त्याच्याजवळ गेली. "तू सात आठवडे दवाखान्याच्या बाकावर बसून होतास. ते मी जन्मात विसरणार नाही. पण दादा, मी घरी येऊन दोन वर्षं झाली. तू अजून त्या बाकावरच बसला आहेस."

दादाने डबी काढून तिच्या हातात दिली, रिकाम्या खिशावरून एकदा हात फिरवला आणि निघाला. बाहेर गाडीचा आवाज बराच वेळ एकाच जागी येत राहिला. मग दूर गेला.

मिलीने काच उजेडात धरली, पुढून. खूण केली. पुन्हा तपासली. चाक सुरू झालं, पाण्याचे थेंब मनगटावर उडू लागले आणि तिच्या बोटांना चाकाचा जुना कंप आठवला. मधेच थांबून तिने आपली गोळी आपल्या हाताने घेतली.

सहाला शिंपीणबाई आल्या. चष्मा चढवला, शिवण पाहिली, दाराबाहेरची पायरी भिंत न धरता दोनदा उतरल्या आणि दोनदा चढल्या. "आता कसं!" असं म्हणून चालू लागल्या.

मिली आत गेली. तिने खडू उचलला, पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मिली' लिहिलं, त्यापुढे पाच आणि एक मिळून सहा रेघा ओढल्या आणि हात मागे बांधून मालकांपुढे उभी राहिली.

"बोला."

मालकांनी घसा खाकरला. मग एकदम दोन वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं.

"डोळे घरी विसरून आलीस का? बावीस वर्षं झाली चाकावर! काचेचं पुढचं-मागचं कळत नाही? लोकांना जिन्यावरून पाडणार आहेस का?"

शेजारच्या दुकानातलं माणूस डोकावून गेलं. आप्पा खाली मान घालून एकच फ्रेम पुन्हा पुन्हा पुसत होते. मिली सगळं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेत होती, आणि तिची मान काही खाली जात नव्हती.

दिवे मालवायची वेळ झाली. डबी पिशवीत टाकून ती दारापर्यंत गेली आणि तिने वळून पाहिलं. नाव जरासं तिरकं पडलं होतं. ती परत आली, हाताने ते पुसलं आणि सरळ ओळीत पुन्हा लिहिलं.